लेकराले पाहता का मोबाईलले?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. २००९ साली कामाला लागले तेव्हा माझी धाकटी मुलगी अंगावर पीत होती. माझ्याकडे एक गाव आणि नाल्यापलीकडचं कोलाम आदिवासींचं एक पोड, म्हणजे वस्ती, आहे, मिळून अकराशेच्या आसपास माणसं. माझं शिक्षण दहावीपर्यंत झालं. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा लिहिण्यात काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

लिहायचं कारण असं. गेल्या मासिक सभेत आम्हाला सांगण्यात आलं की आणखी एक नवं अ‍ॅप येणार आहे आणि जुन्या अ‍ॅपातली माहिती त्यात पुन्हा भरायची आहे. सभेत कोणी काही बोललं नाही. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र सगळ्या बोलल्या. ते बोलणं टपरीवरच राहतं, दरवेळी. अ‍ॅप आलं की आमचं प्रशिक्षण होतं, कुठलं बटण कुठे आहे ते दाखवतात, पण तोवर अ‍ॅप बनून गेलेलं असतं. म्हणून या वेळी ते यायच्या आधी लिहिते आहे.

मोबाईलला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. १०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ साली सुरू झाली. त्याआधी रात्री बाई अडली तर बंडी जुंपून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायची आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकला हात करायचा. मी स्वतः हे केलं आहे. आता एक फोन लागला की गाडी निघते. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर मोठ्या डॉक्टरांना जोडून देतात. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आजीला तिचं जुनं खरजेसारखं दुखणं घेऊन यवतमाळला जावं लागलं नाही, खुर्चीत बसूनच औषध कळलं. पण तिथे मॅडम शेजारी बसून दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगत होत्या. आजीच्या हातात नुसता फोन दिला असता तर तिने तो पालथा करून ठेवला असता.

आता गेल्या श्रावणातली गोष्ट सांगते. एका घरी एकवीस दिवसांचं बाळ होतं. घरभेटीचे दिवस ठरलेले असतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. त्या दिवशी झड लागली होती, लाईन गेलेली. मी दारातच अ‍ॅप उघडलं, कारण भेट घरातूनच झाली हे दाखवायला आधी ठिकाण पकडावं लागतं, मग फोटो, मग पुढचं पान. ठिकाण काही पकडेना. गोल चक्र फिरत राहिलं. मी फोन घेऊन दारात, मग ओसरीत, मग परत दारात. बाळाची आजी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "आशाताई, लेकराले पाहता का मोबाईलले?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी फोन पन्नीत गुंडाळून ठेवला आणि बाळाजवळ बसले. नाकपुड्या फुलत होत्या, छातीखाली खळगा पडत होता, आणि आई सांगत होती की सकाळपासून नीट दूध ओढत नाही. घड्याळ लावून श्वास मोजले, ६८. थांबून पुन्हा मोजले, ६६. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास दोनदा मोजून आले की थांबायचं नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात पाठ करून घेतलं आहे. शाळेच्या ओट्यावर चढल्यावर रेंज आली, १०८ लावली. बाळ आठ दिवस भरती राहिलं, बरं झालं. आता ते घरभर रांगतं.

अ‍ॅपात मात्र ती एकविसाव्या दिवसाची भेट 'अपूर्ण' आहे. दिवस उलटला, पान बंद झालं. पुढच्या सभेत माझ्या नावापुढे ती एक भेट कमी दिसली आणि मला कारण विचारण्यात आलं. 'बाळ गंभीर होतं म्हणून माहिती भरली नाही' असं लिहायला त्या अ‍ॅपात जागाच नाही.

श्वास मोजण्याचं निघालं म्हणून सांगते. ही घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची पद्धत बाहेरून आलेली नाही, ती आपल्या विदर्भातच उभी राहिली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत ती करून पाहिली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पण मला त्यातली जी गोष्ट सगळ्यात मोठी वाटते ती मण्यांची. तिथल्या पुष्कळशा दाया निरक्षर, त्यांना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. आणि न्यूमोनिया ओळखायचा तर पन्नास-साठपर्यंत मोजावं लागतं. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधं साधन केलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला की बाळाला न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची मण्यांची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी.

दाईला कोणी म्हटलं नाही की बाई, आधी शंभरपर्यंत अंक शिकून ये. तिला काय येतं ते पाहिलं. दहा मोजता येतात, मणी सरकवता येतो, लाल रंग कळतो. तेवढ्यावर साधन बेतलं. बायका आजाराला काय म्हणतात तेही कान देऊन ऐकलं. आमच्याकडे कोणी म्हणत नाही की बाळाला श्वसनाचा संसर्ग झाला. 'डब्बा झाला' म्हणतात, 'लहाक लागली' म्हणतात. ज्याला हे शब्द माहीत नाहीत त्याला आई काय सांगते आहे ते कळणारच नाही.

या मण्यांना तीस वर्षं होऊन गेली. त्यांत ना बॅटरी होती ना नेटवर्क. आज माझ्या हातात जो फोन आहे त्यात त्याच्या हजारपट अक्कल भरलेली आहे असं म्हणतात. मग तो मला का अडवतो? मला वाटतं, मणी दाईसाठी केले होते. आमची अ‍ॅपं वरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आकडे दिसावेत म्हणून केलेली असतात. घरात बाई आहे, बाळ आहे, समोर मी आहे, आणि आम्हा तिघांपैकी कोणाचंच काम त्यात धरलेलं नसतं.

बाई दिवस गेल्याची नोंद करायला येते तेव्हा अ‍ॅप पहिल्यांदा विचारतं, 'अंतिम मासिक पाळी दिनांक'. आमच्या बायका तारखेने राहत नाहीत. 'पोळ्याच्या करीला बाहेर बसली होती', 'महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी', 'आमच्याकडे सोयाबीनची सवंगणी सुरू झाली त्याच्या दोन-चार दिवस आधी' असं त्या सांगतात, आणि हे सांगणं अतिशय पक्कं असतं. पोळा अमावास्येचा, त्याची कर म्हणजे दुसरा दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बोट ठेवते आणि तारीख सापडते. तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख. अ‍ॅपात तसलं कॅलेंडर नाही, नुसते इंग्रजी महिने आणि चौकोन आहेत, बोटाने एकेक महिना मागे सरकवायचा. घाईच्या दिवशी माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी सरळ महिन्याची एक किंवा पंधरा तारीख टाकतात. मग सोनोग्राफीच्या दिवशी कळतं की तारीख दोन आठवड्यांनी चुकली. अमावास्या, पौर्णिमा आणि सण दाखवणारं पान त्या अ‍ॅपात घालायला किती खर्च आला असता? आपल्याकडे ते पाच रुपयांच्या खिशातल्या कॅलेंडरवरही छापतात.

नावाचा घोळ तर प्रत्येक घरात आहे. मुलीचं आधार माहेरच्या नावाचं, लग्नात नाव बदललेलं, आणि सासरी हाक तिसऱ्याच नावाने. एकाच बाईची माझ्या यादीत दोनदा नोंद झाली, एक माहेरच्या नावाने दवाखान्यात, एक सासरच्या नावाने माझ्याकडे. कागदावर दोन गर्भवती, प्रत्यक्षात एक, आणि मातृ वंदना योजनेतून बाळंतिणीला मिळणारे पैसे अडकले ते मूल चालायला लागेपर्यंत.

पण माहेराचं मला खास सांगायचं आहे. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते, बाळ सव्वा-दोन महिन्यांचं होऊन परत येते. हे काही आमच्या पोडापुरतं नाही, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तरी अ‍ॅप बाईला गावाशी बांधून ठेवतं. ती राळेगावकडच्या तिच्या माहेरी गेली की तिथल्या आशाताईच्या फोनमध्ये तिचं नाव नसतं, आणि माझ्या फोनमध्ये तिच्या भेटी लाल होत जातात. म्हणजे जे तीन-चार महिने सगळ्यात जोखमीचे, नेमक्या त्याच महिन्यांत ती कोणाच्याच यादीत नीट नाही. तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या बायांचंही तेच. मी काय करते? तिच्या माता-बाल कार्डाच्या मागे माझा नंबर लिहिते, आणि तिथल्या आशेला फोन करून सांगते की अमुक मुलगी आली आहे, रक्त कमी आहे, लक्ष ठेव. कार्ड बाईच्या पिशवीत बाईबरोबर जातं. अ‍ॅप जात नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लसीकरणाच्या सत्राला हिमोग्लोबिन तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून एका गर्भवतीच्या कार्डावर तो रकाना कोरा राहिला. रात्री मी अ‍ॅप भरायला बसले. त्या रकान्यात आकडा टाकल्याशिवाय 'पुढे' जाता येत नाही. 'तपासणी झाली नाही' असा पर्याय नाही. मागच्या वेळचा आकडा १०.२ होता, तोच मी पुन्हा टाकला. तिचं नाव हिरवं झालं. त्या हिरव्या रंगामुळे ती जोखमीच्या मातांच्या यादीत आली नाही, आणि बाळंतपणाच्या वेळी तिचं रक्त सातच्या खाली निघालं. यवतमाळहून दोन पिशव्या रक्त आणावं लागलं. ती वाचली, बाळही वाचलं. पण तो आकडा मी टाकला होता. कोणी मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं, अ‍ॅपने फक्त कोरं सोडू दिलं नाही. तेव्हापासून अशा वेळी मी अ‍ॅप अर्धंच सोडते आणि बोलणी खाते. पण सगळ्यांना ते परवडत नाही. आमचे पैसे त्या नोंदींवर निघतात. वर जे आकडे दिसतात त्यांतले किती असे रात्री दहा वाजता 'पुढे' जाण्यासाठी टाकलेले असतील, याचा विचार अ‍ॅप बनवणाऱ्यांनी करावा. वजनकाटा बिघडतो, पट्ट्या संपतात, बाई कापूस वेचायला गेलेली असते. 'नाही झालं, कारण हे' एवढं खरं लिहायची सोय द्या, मग तुम्हाला वर बसून कळेल की पट्ट्या कुठल्या केंद्रात संपल्या आहेत.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच आहे. १८० गोळ्या 'दिल्या का' एवढंच विचारतात. 'खाल्ल्या का' हे विचारायला वेळ लागतो, घरात बसावं लागतं, फडताळावर ठेवलेली पाकिटं हळूच पाहावी लागतात.

त्यानंतर ओटीपी. आमच्या बायकांना बँकेपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांनी एकच गोष्ट शिकवली आहे की ओटीपी कोणाला सांगायचा नाही. आणि मी दारात उभी राहून म्हणते, ओटीपी सांगा. ज्या सासऱ्याचे मागे फोनवरून आठ हजार गेले त्याने मला दारातूनच परत पाठवलं, आणि मला त्याचा राग आला नाही. शिवाय फोन कोणाकडे असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या शंभर बायांपैकी ३३ जणींनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुष ५७. खेड्यातल्या बाया शंभरात पंचवीसच्या आसपास. माझ्या पोडात त्याहून कमीच असतील. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा शेतात नाहीतर पुण्याच्या कंपनीत, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची.

त्यातल्या त्यात बोलणारा फोन मला पटतो. सरकारची 'किलकारी' सेवा आहे, चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत ७२ वेळा फोन येतो आणि त्यात गर्भवतीने, बाळंतिणीने काय करावं ते ऐकवतात. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, वाचता आलं पाहिजे असं नाही. पण घरातला एकच फोन दिवसभर बाहेर असेल तर तो संध्याकाळी वाजला पाहिजे, स्वयंपाक झाल्यावर. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी सातला शेतात जाते आणि अंधार पडताना येते. फोन करायची वेळ बाईला विचारूनच ठरवावी लागेल, आणि ती हंगामाप्रमाणे बदलेल.

भाषेबद्दल एकच सांगते. अ‍ॅप मराठीत दिलं म्हणून काम संपत नाही. 'स्तनपानाचा आरंभ विलंबित' हे वाचून मला दोनदा थांबावं लागलं. 'बाळाला अंगावर उशिरा घेतलं' असं लिहिलं असतं तर? आणि पोडातल्या बायका आपसात कोलामी बोलतात. मराठी समजते, पण दुखण्या-खुपण्याचं त्या कोलामीतच बोलतात. मागच्या वर्षी मी पोडातल्या एका जाणत्या बाईच्या आवाजात गोळ्यांबद्दल माझ्या फोनवर रेकॉर्ड करून घेतलं: गोळी जेवल्यावर घ्यायची, संडास काळी होते, त्याला भ्यायचं नाही, चहाबरोबर घ्यायची नाही. मिनिटभराचंच आहे. मी पोडात गेले की बायका म्हणतात, 'थे लावा ना ताई'. आवाज ओळखीचा आहे, म्हणून ऐकतात. गोळ्यांची पाकिटं त्यानंतर फडताळावरून कमी व्हायला लागली. हे काम मला कोणत्याही अ‍ॅपने सुचवलं नव्हतं, आणि कोणत्याही अ‍ॅपात ते टाकायला जागा नाही.

घरातला फोन सगळे पाहतात, हेही कोणी धरत नाही. आमच्या भागात सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. ज्याचा रिपोर्ट 'एएस' आला तो आजारी नसतो, फक्त वाहक असतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ही माहिती लग्नाआधी मुला-मुलीला मिळाली पाहिजे, पण ती त्या दोघांनाच. माझी यादी उघडली की नावं आणि त्यांच्यापुढे आजार, सगळं मोठ्या अक्षरांत एकाच पानावर दिसतं. कोणाची सही घ्यायला फोन पुढे केला की शेजाऱ्याचा रिपोर्ट त्याच्या डोळ्यांसमोर. मी हाताने झाकते.

आणि शेवटी एक बाळ. ते नवव्या दिवशी गेलं. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे अ‍ॅपात त्याचं नाव म्हणजे 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. मृत्यूची नोंद मी वेगळ्या रजिस्टरात केली, वरही कळवली, चौकशीचा कागद भरला. पण एका अ‍ॅपाची दुसऱ्याशी ओळख नाही. सहाव्या आठवड्यात माझ्या यादीत ते बाळ लाल झालं: लसीकरण बाकी. दहाव्या आठवड्यात पुन्हा. मी सिस्टरांना सांगितलं, त्यांनी वर सांगितलं, उत्तर आलं की काढून टाकायचा अधिकार तालुक्याला नाही. ते माझ्यापुरतं असतं तरी मी सोसलं असतं. पण तिच्या नवऱ्याच्या फोनवरही संदेश येत राहिले, आता तुमचं बाळ तीन महिन्यांचं झालं, आता मान धरेल, आता हसेल. त्याने एक दिवस तो संदेश मला दाखवला आणि विचारलं, "हे बंद नाही होत का जी?" मी त्याच्या फोनवर तो नंबर ब्लॉक करून दिला. तीन महिन्यांनी ती पुन्हा गरोदर राहिली तेव्हा त्याच नंबरवरून कामाची माहिती येणार होती, ती आता येत नाही.

अ‍ॅप बनवताना कोणीतरी एका खोलीत बसून ठरवलं असेल की बाळ जन्मतं आणि वाढतं. जाऊ शकतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आमच्यातली कोणतीही एक त्या खोलीत असती तर पहिल्याच तासात तिने विचारलं असतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, आपल्याही दैनिकात आलं असेल. फोन जुने आणि हळू, अ‍ॅप इंग्रजीत. त्या वेळी काही लोक म्हणाले की बायांना कामच करायचं नाही. ज्या बाया पावसात नाला ओलांडून लेकरांची वजनं घेतात त्यांच्याबद्दल हे बोललं गेलं, ते मला अजून लागतं. त्या काम नाकारत नव्हत्या. कामाच्या आड येणारी वस्तू त्यांनी परत केली.

जे कोणी हे नवं अ‍ॅप बनवत असतील, सरकारी असोत की कंपनीचे, त्यांना आपल्या दैनिकातून माझी विनंती आहे. प्रशिक्षण द्यायला येऊ नका, आधी फिरायला या. आमच्याकडे लसीकरणाचं सत्र बुधवारी असतं, म्हणून मंगळवारी या, त्या दिवशी मी पोडात घरभेटी करते. एसटी सकाळी आठच्या सुमारास फाट्यावर सोडते, तिथून गाव अडीच किलोमीटर. येताना तुमचा महागातला फोन आणू नका, आमच्याकडे आहे तसा सहा-सात हजारांचा आणा, काच थोडी फुटलेली असली तरी चालेल, आणि त्यात तुमचं अर्धं-मुर्धं झालेलं अ‍ॅप घालून आणा. ते मी उन्हात उभी राहून वापरते, तुम्ही नुसतं पाहा. मी कुठे अडते ते मला विचारू नका, माझ्या बोटाकडे पाहा. दुपारी दोन-तीन बायकांशी बोला, पण आधी थोडं शेंगदाणे-चहा होऊ द्या, लगेच वही काढली की त्या गप्प होतात. आणि एकदा येऊन संपवू नका. एकदा पावसाळ्यात या, एकदा वेचणीत या. वेचणीत घरं रिकामी असतात, तेव्हा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून काम करावं लागतं.

पोड नाल्याच्या पलीकडे आहे. नाल्याला पाणी असेल तर उतरू नका, अलीकडच्या शेतात आंब्याखाली थांबा, मी घ्यायला येते.

आपली विश्वासू,
एक आशा स्वयंसेविका
(तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ)

ता. क. माझं नाव आणि गाव कृपया छापू नये. पत्रातल्या बायकांना कोणी ओळखू नये म्हणून मी त्यांची नावं लिहिलेली नाहीत, माझं नाव आलं तर त्याही ओळखू येतील.